वरवंटा

आवाज मला आला होता. आधी एक धप्प, मग थांबून थांबून दोन-चार फटके, ओलं धुणं दगडावर आपटावं तसे. जूनचा पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता. खिडकीतून मातीचा आणि गटाराचा मिळून एक वास येत होता, वीज जाऊन परत आली होती. ठाण्यातल्या चौथ्या मजल्यावर रात्री अडीच-तीनला काहीही पडू शकतं. गॅलरीतल्या दोरीवरची चादर, वरच्यांच्या एसीचं काहीतरी, कुणाच्या तरी खिडकीतली कुंडी. एवढा हिशेब मी अर्धवट झोपेतच केला, उशी उलटी केली, तिची गार बाजू गालाखाली घेतली आणि झोपलो. ती गार बाजू मला अजून आठवते.

पहाटे दूधवाल्याच्या बेलने उठून बाहेरच्या खोलीत आलो तर पायाला आधी पंख लागले. पहिल्या पावसात वाळवीला पंख फुटतात, संध्याकाळी दिव्यावर झुंबड उडते आणि सकाळी किडे नाहीसे होऊन नुसते पंख उरतात, तसे. फरशीवर, दिवाणाच्या चादरीवर, टँकच्या काचेवर. चंदू चपलांच्या स्टँडपाशी आडवा पडला होता. दोन फुटांचा, टँकपासून चांगला तीन हात लांब. इतकं अंतर तो पाण्याबाहेर सरपटत गेला होता. त्याच्या अंगावर, त्या रुपयाच्या नाण्याएवढ्या खवल्यांवर, तेच पंख चिकटले होते, शेकड्यांनी. आरशासारखं अंग पार मंद झालं होतं, भांडं घासल्यावर राख तशीच वाळावी तसं. मी हात लावला. वरून कोरडा, खालून अजून ओला.

आई उठून आली, बघितलं, आणि पदर तोंडाला न लावता हात जोडले. म्हणाली, "घेतलं बघ त्यानं. माझ्यावरचं घेतलं."

मी काहीच बोललो नाही.

अरोवाना मासा घरात ठेवणाऱ्या माणसांना हे वाक्य नवं नाही. तुम्ही कुठल्याही माशांच्या दुकानात जा, मोठ्या टँकपुढे जरा जास्त वेळ उभे राहा, दुकानदार येऊन सांगतोच: वास्तूसाठी एकदम पॉवरफुल, पैसा खेचतो, आणि घरावर काही येणार असेल तर स्वतःवर घेतो. मेला तर वाईट मानायचं नाही, दुसरा आणायचा. विकणाऱ्याच्या दृष्टीने यापेक्षा सोयीची श्रद्धा मी पाहिलेली नाही. खरं तर ही सगळी कीर्ती दुसऱ्याच माशाची. चिनी लोक ज्याला ड्रॅगन मासा मानतात तो आशियाई अरोवाना, इंडोनेशिया-मलेशियाकडच्या नद्यांमधला, लाल किंवा सोनेरी. तो १९७५ पासून वन्यजीवांच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, नोंदणी झालेल्या फार्मवर पैदास केलेलाच विकता येतो आणि त्याच्या अंगात चिप बसवलेली असते. आपल्याकडे गल्लीतल्या दुकानात मिळतो तो त्याचा ॲमेझॉनमधला लांबचा भाऊ, चंदेरी अरोवाना. ड्रॅगनशी त्याचा संबंध आडनावापुरता. पण नशीब काय, भावकीतल्या मोठ्या घराच्या नावावरही चालून जातं.

मी मात्र तो वास्तूसाठी आणला नव्हता. वास्तू हे बायकोला सांगायचं कारण होतं. मला तो हवा होता, बस. चार वर्षांपूर्वी दुकानात प्लास्टिकच्या पिशवीत पाहिला तेव्हा तो माझ्या करंगळीएवढा होता आणि पोटाखाली नारिंगी पिशवी लोंबत होती. ती बलकाची पिशवी. एवढं कोवळं पिल्लू मुळात पाण्यात एकटं नसतंच, बापाच्या तोंडात असतं. या जातीत नर अंडी आणि मग पिल्लं जवळजवळ दोन महिने तोंडात सांभाळतो. ॲमेझॉनच्या काठावर ही पिल्लं बाजारासाठी पकडायची तर बापाचं तोंड उघडावं लागतं, आणि बऱ्याचदा त्यासाठी बापाला मारतातच. आग्नेय आशियात तळ्यांमध्येही त्यांची पैदास होते, चंदू तिथलाही असेल. मी विचारलं नाही. हे सगळं मी वाचलंही नंतर, तो हातभर झाल्यावर. मुलीने त्याच्या रंगावरून चंदेरी म्हणून सुरुवात केली आणि आठवड्यात त्याचा चंदू झाला.

आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती नाक मुरडून म्हणाली, "हा तर आपल्या चालटीचा भाऊ दिसतोय." आईचं माहेर इंदापूर तालुक्यातलं, भीमाकाठचं. चालट म्हणजे चपट्या अंगाचा, पोटाखाली शेपटापर्यंत झालरीसारखा लांब पर असलेला मासा. काटे इतके की लहान मुलांच्या ताटात कुणी वाढत नाही. मी हसलो होतो. पुढे कळलं की आईचं बरोबर होतं. प्राणिशास्त्रात या दोघांचा गण एकच आहे, हाडजिभ्यांचा. जिभेवरही दात असलेले हे मासे. यांच्यातलाच एक राक्षस, अरापैमा, त्याची वाळवलेली जीभ तिकडचे लोक ग्वाराना नावाच्या बियांची वडी किसायला वापरतात. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग नारळ खवायला बरी." आईने आयुष्यात प्राणिशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही, पण आयुष्यभर मासे साफ केलेत.

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. अडीचशे लिटर पाणी. आणला तेव्हा तो त्या टँकमध्ये शोधावा लागायचा. वर्षभरात फूटभर झाला. तिसऱ्या वर्षी वळताना त्याला अंगाचं धनुष्य करावं लागे, आणि नाक मागच्या काचेला लागून मग शेपूट पुढच्या काचेवरून घसरत येई. तो कधी थांबत नसे. तळाकडे कधी जात नसे. पाण्याच्या वरच्या चार बोटांतच इकडून तिकडे, तिकडून इकडे, म्यानातून निम्मी काढलेली तलवार कुणी पुन्हा पुन्हा आत-बाहेर करावी तसा. तोंड वरच्या बाजूला उघडणारं, हनुवटीवर दोन मिशा पुढे काढलेल्या, आणि अंग असं की सकाळचं ऊन पडलं की समोरच्या भिंतीवर कवडसे हलायचे. मी ऑफिसातून आलो की दिवा न लावता त्याच्यासमोर बसायचो. फिल्टरचा घुंघुं आवाज, ओल्या शेवाळाचा वास आणि त्याची ती येरझार. मला वाटायचं, माझा ताण तो वाहून नेतोय. म्हणजे दुकानदाराचं वाक्य मीही आतून मानत होतोच, फक्त जरा शहरी भाषेत.

आणि त्याचं खाणं. हे लिहिताना लाज वाटते, पण मी पाहुण्यांना थांबवून घ्यायचो. "चहा होईपर्यंत गंमत दाखवतो." पिशवीतले सहा-सात छोटे गोल्डफिश सोडायचे. पहिले काही क्षण काहीच व्हायचं नाही, चंदू त्यांच्यावरून शांतपणे फिरून जायचा. मग पाण्यात फट्ट असा आवाज, आणि सहाचे पाच. हालचाल दिसायची नाही, फक्त वजाबाकी दिसायची. माणसं "बाप रे" म्हणायची आणि मोबाइल काढायची. एकदा मुलीने एक गोल्डफिश आधीच पळवून काचेच्या बरणीत ठेवला, तो तिने दोन वर्षं जगवला. पुढे कळलं की गोल्डफिश सतत घातले तर त्यांच्यातल्या एका द्रव्यामुळे खाणाऱ्याच्या अंगातलं बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. म्हणजे जे मी त्याचं रानटीपण म्हणून मिरवत होतो ते त्याला हळूहळू खात होतं. मग कोळंबी सुरू केली, सोललेली, चिमट्याने. तमाशा संपला. पाहुणेही चहा पिऊन लवकर उठायला लागले.

दुसऱ्या वर्षी त्याचा उजवा डोळा खाली कलला. कैदेतल्या अरोवानाला हे सर्रास होतं. कुणी म्हणतं डोळ्यामागे चरबी साठते, कुणी म्हणतं सतत खाली बघून होतं. नदीत या माशाचं बरंच भक्ष्य वरून येतं, पाण्यावर वाकलेल्या फांद्यांवरून. इथे वर प्लायवूड, आणि जे काही घडतं ते खाली: टीव्ही, चपला, रांगणारा शेजारचा बाळ्या. मला तो डोळा बघवायचा नाही. आईचं उलट. ती टँकखालच्या दिवाणावर बसून मटार सोलायची, मेथी निवडायची, आणि म्हणायची, "तो माझ्याकडंच बघत असतो." ती त्याच्याशी बोलायची. गुडघ्यांबद्दल, भावाबद्दल, धरणाखाली गेलेल्या शेताबद्दल. ऑक्टोबरात नातलगांकडे लग्नाला गेली तर फोनवर आधी चंदूची चौकशी. मी तिला डोळ्याचं खरं कारण कधी सांगितलं नाही. तेव्हापासूनच ही सवय लागली असावी.

आईच्या माहेरी विहिरीत एक मरळ होती. आम्ही सुट्टीत गेलो की तिला बघायला पायऱ्या उतरायचो. काळपट, सापासारख्या डोक्याची, मांडीएवढी जाड. मरळीला नुसत्या पाण्यातल्या हवेवर भागत नाही, मधून मधून वर येऊन श्वास घ्यावा लागतो. जाळ्यात खालीच अडकून राहिली तर ती पाण्यात बुडून मरते, हे आजोबा आम्हाला कोड्यासारखं घालायचे: पाण्यात बुडून मरणारा मासा कोणता? आम्ही वरच्या पायरीवर श्वास रोखून बसायचो. हिरव्या पाण्यावर एक बुडबुडा, एक काळं थोबाड, आणि पुन्हा काही नाही. एका पावसाळ्यात तिच्याभोवती लालभडक पिल्लांचा पुंजका फिरत होता, कुणीतरी कुंकवाची चिमूट पाण्यात सोडल्यासारखा, आणि आजोबांनी मोटरही दोन दिवस लावली नाही. ती कुणाची नव्हती. तिला कुणी खायला घालत नसे. आजी म्हणायची, विहिरीची राखणदार आहे. पण राखणदार मेली तर घरावरचं काही टळतं, असं तिने कधी म्हटल्याचं आठवत नाही. त्यासाठी तिच्याकडे उतारा होता. भाकर, लिंबू, हळदकुंकू, उतरून तिकाटण्यावर ठेवायचं, मागे वळून बघायचं नाही. सकाळी तिथून जाताना आम्ही तो उतारा लांबून वळसा घालून ओलांडायचो. शहरात तिकाटणं नाही. म्हणून बहुतेक आम्ही उतारा घरातच आणून ठेवला, दिवा-पंप लावून, रोज खायला घालून, की कधी लागला तर हाताशी असावा.

आता वरवंट्याचं.

टँकवर मुळात काचेचं झाकण होतं. ते गेल्या वर्षी तडकलं, चंदूच्याच एका उडीने. नवं करून घेऊ म्हणत मी वर प्लायवूडचा तुकडा टाकला आणि वजन म्हणून आईचा वरवंटा ठेवला. मिक्सर आल्यापासून पाटा गॅलरीत आणि वरवंटा टँकवर. अरोवाना उडी मारतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. ॲमेझॉनच्या पुरात पाणी दहा-दहा मीटर चढतं, जंगलात शिरतं, आणि हा मासा बुडालेल्या झाडांमधून फिरत वरच्या फांदीवरचा भुंगा, कोळी, जे असेल ते हवेतून उचलतो. तिकडे त्याला पाण्यातलं माकड म्हणतात. पाळलेले अरोवाना कशाने मरतात असं विचारलं तर जाणती माणसं आधी झाकणाचंच विचारतात. हे सगळं मी इतरांना सांगायचो. त्या संध्याकाळी मी कोळंबी घालायला वरवंटा उचलला, चपलांच्या स्टँडवर ठेवला, तेवढ्यात मोबाइल वाजला. डॉक्टरांच्या इथून होता. आईच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता, रिपोर्ट परवा मिळेल म्हणाले. मी फोन ठेवला, प्लायवूड तसंच सरकवलं आणि पाऊस आला म्हणून खिडक्या लावायला गेलो. बाहेरच्या खोलीत आईसाठी रात्री झिरोचा बल्ब चालू असतो, टँकच्या बरोबर वर. पंखवाले किडे त्याच्यावर जमले.

पहाटे मी चंदूला पाहिलं, आणि त्याच नजरेत स्टँडवरचा वरवंटा पाहिला. माशापासून वीतभर अंतरावर. घर झोपलेलं होतं, दूधवाला खाली गेला होता. मी प्लायवूड उचलून टँकवर ठेवलं, वरवंटा त्याच्यावर ठेवला, आणि मग आईला हाक मारली. या क्रमाने. हात थरथरत नव्हते, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

मला वाटलं होतं मी पुरावा लपवला. प्रत्यक्षात मी चमत्कार उभा केला होता. कारण मग दिवसभर जो कोणी आला त्याने तेच पाहिलं: झाकण जागेवर, वरवंटा जागेवर, आणि मासा बाहेर. फिल्टरच्या पाइपसाठी कोपऱ्यात चार बोटांची फट होती, तिच्यातून दोन फुटांचा मासा निघणं शक्य नाही हे शेजारच्या काकांनी टेप लावून सिद्ध केलं. इंजिनिअर माणूस. टेप गुंडाळत म्हणाले, "आपल्याला कळत नाही अशा गोष्टी असतात." तोपर्यंत आईने वॉचमनकडून सोसायटीच्या चाफ्याखाली खड्डा खणून घेतला होता. चंदूला हळदकुंकू लावलं, नव्या पंचात गुंडाळलं. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. साधी गाठ, काळजीचं काही नाही. आई दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना थांबली, माझा दंड धरला आणि म्हणाली, "जिवावरचं शेपटावर निभावलं." ही म्हण मी हजार वेळा ऐकलीय. पहिल्यांदाच तिच्यात खरोखरची शेपटी होती.

तिला त्या क्षणी काय सांगायचं? की गाठ साधी होती ती चंदू जिवंत असतानाही साधीच होती, तुकडा आधीच काचपट्टीवर गेला होता? की त्याने काही दिलं नाही, घेतलं नाही, मी एक दगड परत ठेवायला विसरलो? सत्तरीची बाई, रिपोर्टची पिशवी छातीशी धरून, बऱ्याच दिवसांनी मोकळा श्वास घेत होती. तिच्यासाठी कुणीतरी मेलं होतं, आणि त्यामुळे ती जगण्याकडे जरा जबाबदारीने बघायला लागली होती. गोळ्या वेळेवर घ्यायला लागली. मी रिक्षा बघायला पुढे गेलो.

मला मात्र त्या रात्रीचं दुसरंच काहीतरी दिसत राहतं. चिमट्याने कोळंबी खाणारा, डोळा कललेला, वळायला जागा नसलेला तो मासा, आणि अचानक वर, त्याच्या नेमक्या जागी, पिवळ्या उजेडात भिरभिरणारे शेकडो किडे. प्लायवूड हललं असेल, फट पडली असेल. तो पळून जात नव्हता, आमच्यासाठी काही घेतही नव्हता. तो शिकारीला गेला होता. एखादा किडा त्याच्या तोंडात आलाही असेल. मी त्याचं तोंड उघडून बघितलं नाही.

महिन्याने दुकानात गेलो ते फिल्टर विकायला. दुकानदाराने ऐकून मान डोलावली, "नशीबवान आहात साहेब," आणि लगेच मागच्या टँककडे नेलं. बोटाएवढी, चोचीसारखं तोंड असलेली पिल्लं लाकडाच्या ढलप्यांसारखी स्थिर उभी होती. "क्रोकोडाइल फिश. हा उडी मारत नाही." ॲलिगेटर गार. अमेरिकेतल्या नद्यांचा मासा, आठ फुटांच्या वर गेल्याची नोंद आहे, आणि इथे वीतभर टँकमध्ये वीतभर किमतीला. माणसं घेतात, वर्ष-दोन वर्षांत हात टेकतात आणि अंधार पडल्यावर जवळच्या तलावात सोडून येतात. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात एक सापडला तो काही मिसिसिपीतून पोहत आला नव्हता. गंमत म्हणजे या गारच्या कुळातल्या माशाचे अवशेष आपल्या चंद्रपूरकडे डोंगरगावच्या खडकांत मिळाले आहेत, डायनोसॉर होते त्या काळातले. म्हणजे एके काळी हा इथलाच होता. एवढी सबब मला चार वर्षांपूर्वी पुरली असती. त्या दिवशीही मी दोन वेळा किंमत विचारली, हे लिहून ठेवतो.

टँक अजून आहे. आईने त्यात मनीप्लँट लावलाय. दिवाळीच्या साफसफाईत चपलांच्या स्टँडमागे एक खवला सापडला, वाळून पापुद्र्यासारखा झालेला, कडेला अजून गुलाबी झाक. आईने तो धुऊन देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या करंड्यामागे ठेवला. वरवंटा पुन्हा पाट्यावर गेलाय, पण त्याच्यावर ती आता काही वाटत नाही.

परवा इंदापूरहून शकूमावशी आली होती. आईने तिला सगळी गोष्ट सांगितली. आता त्या गोष्टीत बरंच काही आलंय: चंदू त्या दिवशी जेवला नव्हता, संध्याकाळपासून आईकडे टक लावून बघत होता, आणि वरवंटा दोन माणसांनाही हलत नाही. मी शेजारी बसून शेंगा सोलत होतो. मावशी माझ्याकडे वळली. "खरंच का रं? बंद झाकणातनं? तुला काय कळलं न्हाई रातीचं?"

आई माझ्याकडे बघत होती.

"आवाज आला होता मला," मी म्हणालो.

मावशीने दोन्ही हात कपाळाला लावले.